घट्ट फिल्टर व्हील, खोबरेल आणि शनीचे ध्रुव

हायड्रोजन-अल्फा फिल्टरबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं. तो विषय आठवडाभर थांबेल. मध्येच नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न माझ्या फार आवडीचा निघाला. त्यांच्याकडे हाताने फिरवायचं, पाच घरांचं सव्वा इंची फिल्टर व्हील आहे. मे महिन्यात ते छान फिरतं आणि डिसेंबर उजाडला की दोन्ही अंगठे लावूनही हलत नाही. ‘तेल तर घातलं आहे’, असं ते लिहितात. कोणतं तेल? घरात होतं ते, खोबरेल.

निम्मं उत्तर इथेच मिळालं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजायला लागतं. हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक असतं, पण दुर्बिणीपाशी गेल्यावर ते नेमकं आठवत नाही. आपल्याकडचं चांगलं आकाश नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं. नाशिकला तेव्हा पहाटे पारा दहाच्याही खाली जातो. व्हील नेमकं कामाच्या वेळी गोठणार आणि पावसाळ्यात, कपाटात पडून असताना, सुरळीत फिरणार!

उरलेलं निम्मं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. व्हील आधीच घट्ट होतं, म्हणून तर तेल घालावं लागलं. मग ते घट्ट का झालं होतं? माझं मत विचाराल तर फिल्टर व्हीलच्या दुरुस्तीत वंगण सगळ्यात शेवटी येतं, आणि बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही.

आधी व्हील दुर्बिणीवरून उतरवा, कॅमेराही काढा आणि नुसतं हातात धरून फिरवून पाहा. मोकळं फिरलं तर व्हीलमध्ये काही बिघाड नाही. मागे लटकलेल्या कॅमेऱ्याच्या वजनाने पेटीची पातळ झाकणं किंचित वाकतात आणि चकतीला घासतात. अशा वेळी कॅमेऱ्याला आधार द्यायचा, व्हीलला हात लावायचा नाही.

हातातही घट्टच असेल तर पेटी उघडा, सगळे फिल्टर काढा आणि रिकामी चकती फिरवा. आता मोकळी झाली तर एखादा फिल्टर घासत होता. त्याचे आटे तिरके बसलेले असतील, किंवा त्याची कडी इतरांपेक्षा जाड असेल. वेगवेगळ्या कंपन्यांचे फिल्टर एकाच चकतीत बसवणाऱ्यांच्या वाट्याला हे हमखास येतं, कारण आटे जुळले तरी कडीची उंची जुळेलच असं नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला काळा रंग खरवडून चकाकणारी वर्तुळाकार रेघ उमटलेली असते. ती सापडली की गुन्हेगार सापडला.

फिल्टर काढूनही चकती अडत असेल तर मधला स्क्रू पाहा. काही व्हील एका दिशेने फिरवत राहिलं की घट्ट होत जातात आणि उलट फिरवलं की सैल. तिथे चकती फिरताना स्क्रूलाही सोबत ओढत असते. स्क्रू पाव फेरा मागे घ्या, चकती डुगडुगत नाही ना ते बघा आणि आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब लावून तो तिथेच अडकवून टाका. नेलपॉलिश पूर्ण वाळल्याशिवाय फिल्टर परत बसवू नका.

राहिला खटका. चकतीच्या कडेला प्रत्येक घरासाठी एक खाच असते आणि स्प्रिंगने दाबलेला छर्रा त्या खाचेत जाऊन बसतो. हा छर्रा उडून जाण्यात पटाईत असतो, म्हणून पेटी टॉवेलवर ठेवूनच उघडा. खटक्याचा घट्टपणा मात्र आपल्या फायद्याचा आहे. फिल्टर दर वेळी त्याच जागी थांबला तरच त्याच्यावरच्या धुळीची सावली त्याच जागी पडेल, आणि तरच आपण घेतलेले फ्लॅट (ती सावली काढून टाकण्यासाठी घेतलेली एकसारख्या उजेडाची चित्रं) उपयोगी पडतील. खटका ठाम हवा आणि दोन खटक्यांमधला प्रवास मोकळा. स्प्रिंग फारच जोरकस असेल तर तिचा अर्धा वेढा कापा, त्याहून जास्त नको.

एवढी उठाठेव कशासाठी, तर गुरूसाठी. तो ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे मिनिटाला ०.६ अंश. बिंबाच्या मध्यावरचा ठिपका मिनिटाला साधारण पाव विकला सरकतो. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही व्हिडिओ दोन-तीन मिनिटांत उरकायचे असतात. व्हील अडलं की बोटाचा जोर थेट नळीला बसतो आणि बार्लो लावलेल्या दुर्बिणीत गुरू कॅमेऱ्याच्या चौकटीतून पसार होतो. तो पुन्हा शोधेपर्यंत वेळ गेलेली असते.

वंगण लागलंच तर फक्त मधल्या आसाला, घट्ट सिंथेटिक ग्रीसचा अगदी पुसट हात. शिलाई मशीनचं तेल नको, गंज सोडवणारा फवारा तर नकोच. पातळ तेल पसरत पसरत फिल्टरच्या लेपापर्यंत पोचतं. त्यापेक्षा टेफ्लॉनचा पातळ वॉशर केव्हाही बरा.

घट्ट चाकाचा त्रास फक्त आपल्यालाच होतो असं समजू नका. २४ ऑगस्ट २०२२ रोजी जेम्स वेब दुर्बिणीच्या मिरी या उपकरणातलं ग्रेटिंगचं चाक जास्त घर्षणाने फिरू लागलं. हे चाक पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आणि उणे २६६ अंशांत. तिथे पाना घेऊन जाणार कोण? तिथे तेल-ग्रीसही चालत नाही, इतक्या थंडीत मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखी कोरडी वंगणं लागतात. अभियंत्यांनी त्या चाकावर अवलंबून असलेलं काम थांबवलं, मिरीच्या बाकीच्या तीन पद्धती चालू ठेवल्या आणि दोन महिन्यांहून अधिक काळ फक्त कारण शोधलं. ठरावीक परिस्थितीत चाकाच्या मधल्या बेअरिंगचे भाग एकमेकांवर जास्त दाबले जात होते. घर्षणाचा अंदाज घेण्याच्या चाचण्या आणि चाक वापरण्याचे नवे नियम ठरले. नोव्हेंबरच्या मध्याला काम पुन्हा सुरू करताना पहिला मान शनीच्या ध्रुवप्रदेशांना मिळाला, कारण त्यानंतर पुढची २० वर्षं ते वेबला दिसणार नव्हते.

नाशिककरांसाठी : चकती आणि आस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून खोबरेल पूर्ण काढा, फिल्टर दूर ठेवून. मग वरच्या क्रमाने तपासा आणि नेमकं कुठे घासत होतं ते कळवा. इतर वाचकांनीही व्हीलबद्दल लिहिताना ते कॅमेरा काढल्यावर आणि फिल्टर काढल्यावर कसं फिरतं, या दोन गोष्टी पत्रात आवर्जून लिहाव्यात. हायड्रोजन-अल्फा पुढच्या आठवड्यात.