घरच्या केकसाठी डबा कसा निवडाल?
घरी केलेला केक दुसऱ्याच दिवशी कोरडा पडतो किंवा चिकट होतो. अनेकदा त्याला डबाच कारणीभूत असतो. 7 इंची केकसाठी 8 ते 8.5 इंच व्यासाचा, घट्ट झाकणाचा डबा घ्या. फार मोठ्या डब्यातील हवा केकचा ओलावा ओढून घेते. केक पूर्ण गार झाल्यावरच ठेवा. गरम केकवर झाकण लावल्यास वाफेचे पाणी होऊन बुरशी लवकर धरते. डबा उलटा वापरा: केक झाकणावर ठेवून वरून डबा बसवा; काढताना केक मोडत नाही. त्यात बिस्किटे ठेवू नका, ती मऊ पडतात. साधा केक फ्रिजमध्ये ठेवल्यास मैद्यातील स्टार्चमुळे लवकर कडक होतो. क्रीमचा केक मात्र फ्रिजमध्येच हवा.