नट निघाला, जॉइंट निघेना

जुन्या गाडीचं चाक खड्ड्यात ‘टक्’ वाजलं की मेकॅनिक गाडीखाली सरकतो आणि बहुधा बॉल जॉइंटकडे बोट दाखवतो. नट सुटतो, पण जॉइंट नकलमधून, म्हणजे चाक धरणाऱ्या भागातून, हलत नाही. दोष सगळा गंजाच्या माथी मारला जातो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि फट गच्च भरतो, हे खरं. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका! पण खरी पकड आकाराची असते. जॉइंटचा दांडा सरळ नसून निमुळता असतो. बऱ्याच गाड्यांत दर ८ ते १० मिलीमीटरला त्याचा व्यास जेमतेम १ मिलीमीटरने घटतो. एवढ्या कमी उतारावर घर्षणच जिंकतं. एकदा नटाने ओढून बसवलेला दांडा नट काढल्यावरही तसाच रुतून राहतो.

म्हणून अनुभवी मेकॅनिक दांड्याच्या टोकावर घाव घालत नाही. त्याने आटेच चेपतात. तो नट दोन-चार आट्यांवर ठेवतो, पुलरने ताण देतो आणि नकलच्या डोळ्यावर, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाच्या कड्यावर, बाजूने हातोडा मारतो. धक्क्याने डोळा क्षणभर किंचित लंबगोल होतो, पकड सुटते आणि दांडा फटकन खाली येतो. नट ठेवायचा तो याचसाठी. स्प्रिंगचा जोर मोकळा होताना हात मध्ये नको, आणि गाडी नुसत्या जॅकवर तर नकोच. दुभंगी पाचर ठोकूनही काम होतं, पण जॉइंटचा रबरी बूट फाटतो. जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तर फाटू दे.