‘एच के के जे आर’ म्हणजे भारत

फ्रीगंजच्या टावर चौकात संध्याकाळी सातनंतर गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे सिंहस्थात घाटावर जागा मिळण्यासारखंच. उज्जैनच्या मंडळींना हे सांगायला नको. गेल्या नोव्हेंबरात अशाच एका संध्याकाळी ताई, भाची आणि मी घड्याळाच्या टावरसमोर उभे होतो. पाणीपुरी खाऊन झाली होती आणि एकच काम उरलं होतं. जवळच्या टायपिंगच्या दुकानात भाचीच्या विज्ञानाच्या नोट्स टाईप करायला दिल्या होत्या, त्या घ्यायच्या होत्या.

भाची दहावीत आहे, हिंदी माध्यमात. तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं, आणि शेवटी नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं. आठवीपर्यंत पुस्तकाची पानं मोठी झेरॉक्स करून भागलं. नववीच्या मध्यावर तेही पुरेना. आता ती लॅपटॉपवर ऐकून अभ्यास करते. मायकल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. स्क्रीनवरचं लिखाण वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि तेच तिच्याकडे आहे.

दिवाळीआधी शाळेतून ताईला बोलावणं आलं होतं. सल्ला चांगल्या मनानेच दिला गेला असावा: अशा मुलांना गणित-विज्ञान जड जातं, त्याऐवजी संगीत घ्या, टक्केही चांगले पडतील. ताई गप्प बसून ऐकून आली. भाची घरी म्हणाली, “मामा, मला सा लागत नाही, पण आरसे आणि लेन्स समजतात.” सा लागत नाही हे खरं आहे, आमच्या घराण्यात कुणालाच लागत नाही. म्हणून ताईने हट्टाने मैत्रिणीच्या वह्या आणल्या आणि टाईप करायला दिल्या. एकदा कम्प्युटरवर आलं की कम्प्युटर वाचेल, असा तिचा सरळ हिशोब होता. मी बी.ई. करून बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत, पण मलाही तसंच वाटलं.

घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला. भाचीने हेडफोन घातला आणि दोन मिनिटांत काढून ठेवला. “मामा, हे इंग्रजीत आहे.” स्क्रीनवर तर स्वच्छ हिंदी दिसत होतं. मी हेडफोन कानाला लावला. आवाज म्हणत होता, एच के के जे आर. तिथे लिहिलेला शब्द होता ‘भारत’.

मंडळी, घोटाळा असा. आपल्या मध्य प्रदेशात वर्षानुवर्षं कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप करतात. या फॉन्टमध्ये फाइलीत ‘क’ साठवलाच जात नाही. साठवलं जातं इंग्रजी ‘डी’, आणि फॉन्ट त्या डीवर ‘क’चं चित्र चढवतो. म्हणजे कागदावर काढायला उत्तम. टाइपरायटरची सवय असलेल्या लोकांना कम्प्युटरवर यायला ही सोयच होती, आणि महाराष्ट्रातलं कितीतरी मराठी साहित्यही श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असंच छापलं गेलं आहे. पण स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही, फाइलीत जे आहे तेच तो वाचतो. युनिकोडमध्ये ‘क’ हा खरोखर ‘क’ म्हणून साठवला जातो. दिसायला दोन्ही सारखंच, त्यामुळे डोळस माणसाला यातलं काही कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, थोडा तावातच. दुकानदार म्हणाला, “भिया, युनिकोड में दूँ तो प्रेसवाला फाइल लौटा देता है. सबको कृतिदेव ही चाहिए.” त्याचं चुकत नव्हतं. आणि हे बोलताना त्याची बोटं कीबोर्डकडे न बघता चालूच होती.

मग फाइल बदलण्याचा प्रोग्राम मीच लिहायला बसलो. तयार कन्व्हर्टर मिळतात, पण मला खुमखुमी होती. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलट, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. त्यामुळे नुसती अक्षरामागे अक्षर अदलाबदल करून भागत नाही, वेलांट्या आणि रफार उचलून जागेवर न्यावे लागतात. एवढं जमलं, तर मजकुरात मधेच आलेल्या इंग्रजी अक्षरांनी घात केला. प्रोग्रामने त्यांनाही कृतिदेव समजून ‘सीओटू’चं ‘ब्व्’ करून ठेवलं. भाची फोनवर खो-खो हसत होती, “मामा, झाडं ब्व् घेतात आणि ऑक्सिजन सोडतात!” तीन शनिवार-रविवार गेले, पण विज्ञानाची फाइल बोलायला लागली. प्रत्येक धड्याला आणि उपमुद्द्याला वर्डमधलं खरं ‘हेडिंग’ दिलं. नुसतं अक्षर ठळक केलं तर डोळ्यांना मथळा दिसतो, स्क्रीन रीडरला नाही. हेडिंग असलं की एक बटण दाबून ती थेट पुढच्या मुद्द्यावर उडी मारते. नाहीतर साठ पानांच्या फाइलीत काही शोधायचं म्हणजे कॅसेट पुढे-मागे करण्यासारखं.

शब्द झाले. आकृत्या राहिल्या. “चित्र में देखिए,” असं पुस्तक दर पानावर म्हणतं. शाळेत ‘अवतल दर्पण’, आईच्या तोंडी ‘अंतर्गोल आरसा’, आणि भाचीला दोन्ही शब्द येतात, पण किरण कुठून कुठे जातात ते ऐकून डोक्यात बसेना. दिल्लीच्या आयआयटीत स्पर्शाने वाचायच्या आकृत्यांचं स्वतंत्र केंद्र आहे. आमच्याकडे मात्र आई होती. तिने मेंदीच्या कोनात फेविकॉल भरला आणि जाड पुठ्ठ्यावर आरशाचा बाक काढला. मुख्य अक्ष म्हणून सुतळी चिकटवली, नाभीच्या जागी साबुदाणा आणि वक्रता केंद्राच्या जागी तुरीची डाळ. रात्रभर वाळवलं. पहिला पुठ्ठा फुकट गेला, कारण मी उत्साहाने पुस्तकातले सगळे किरण एकाच आकृतीत घालायला लावले आणि भाचीचं बोट त्या जंजाळात अडकलं. मग एका आकृतीचे तीन पुठ्ठे केले: एकावर फक्त आरसा आणि बिंदू, दुसऱ्यावर एक किरण, तिसऱ्यावर दोन किरण आणि प्रतिमा. तिसऱ्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, “वस्तू डाळीच्या पलीकडे असली, तर प्रतिमा डाळ आणि साबुदाण्याच्या मधे, उलटी आणि लहान.” बरोबर आहे. मला दहावीत हे पाठ करावं लागलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं घरच्यांनीच करायचं का? नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बेंचमार्क दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के, असलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं, शिक्षणसाहित्य आणि योग्य साधनं मोफत मिळायला हवीत. ताईला हे कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कायदा वाचेपर्यंत माहीत नव्हतं. पुस्तक असं बदलून दिलं तर कॉपीराइटचं काय, ही भीतीही नको. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकासाठी अशी प्रत करून देण्याला मुभा दिली आहे, आणि याच विषयावरचा २०१३ चा माराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारतच होता, २०१४ मध्ये. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांनी नाव नोंदवलं की तिथली पुस्तकं मिळतात. एका घराने बदललेलं पुस्तक दुसऱ्या घराने पुन्हा बदलू नये, हा अशा ग्रंथालयाचा खरा उपयोग. आणि स्वच्छ युनिकोड फाइल फक्त दृष्टिहीनांच्या कामाची नसते. डिस्लेक्सिया असलेलं मूल तीच फाइल अक्षरं मोठी करून, ओळी दूर करून वाचू शकतं, किंवा ऐकू शकतं.

भाची आता ब्रेलही शिकते आहे. पंधराव्या वर्षी बोटांना ती सवय लावणं सोपं नाही, वेग अजून कमी आहे. पण एक गोष्ट मला फार आवडली. १९५१ पासून भारती ब्रेल आहे, त्यात भारतीय भाषांमधल्या सारख्या उच्चाराला सारखेच ठिपके. त्यामुळे हिंदी ब्रेल शिकता शिकता मराठी जवळजवळ फुकटात मिळालं. शाळेत न भेटलेलं अक्षर म्हणजे आपला ‘ळ’: उजव्या रांगेतले तिन्ही ठिपके, चार-पाच-सहा. आईने तो आधी रांगोळीने काढून बघितला. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक सुरू केलं. त्याचा एखादा अंक तिच्यासाठी मिळवायचं आमच्या मनात आहे.

आता थोडं आपल्या समाजाबद्दल, म्हणजे खरं तर माझ्याबद्दल. हळदीकुंकवाचं निमंत्रण गेली चार वर्षं मीच करतो. मागे फुलं, वर समई, मधोमध वळणदार अक्षरं, आणि फोटो म्हणून ग्रुपवर. यंदा भाचीने विचारलं, “मामा, वेळ काय आहे?” मी म्हटलं, ग्रुपवर टाकलंय की. ती म्हणाली, “माझा फोन फक्त ‘फोटो’ म्हणतो.” आता फोटोखाली तारीख, वेळ आणि पत्ता टाईप करून टाकतो. अर्धं मिनिट लागतं. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, शिकवणी घेतात किंवा मुलांना नोट्स पाठवतात, त्यांनी एवढंच करून बघा: फाइलीतली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. देवनागरी आली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा भुगा आला, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर ती फाइल वर्गातल्या एखाद्या मुलासाठी कोरी आहे.

विज्ञान सोडलेलं नाही. सहामाहीत मार्क बेताचेच पडले, आणि रासायनिक समीकरणं कानाने कशी वाचायची याचा मार्ग आम्हाला अजून नीट सापडलेला नाही. मागच्या रविवारी तिने मला आवाजी निरोप पाठवून माझ्या फाइलीतल्या अकरा चुका सांगितल्या. अकरावी अशी: “चौदाव्या पानावर तू लिहिलंयस, आकृतीत दाखवल्याप्रमाणे. कुणाला दाखवल्याप्रमाणे?”

ती ओळ काढून आकृतीचं वर्णन लिहिलं आणि फाइल परत पाठवली आहे. रसायनाचे दोन धडे बाकी आहेत, आणि आईचा कोन संपलाय. शनिवारी घरी गेलो की टावर चौकातून नवा घ्यायचा आहे.