घाई नको, बाबा!

कॅन्टीनमध्ये सहसा ईएमआय आणि अप्रायझलच चघळलं जातं. पण परवा माझा एक मित्र, दोन वर्षांच्या मुलाचा बाबा, चहा गार होईपर्यंत गप्पच. खूप खोदल्यावर हळूच म्हणाला, "अगं, पिल्लूच्या शूच्या जागेची कातडी मागे जातच नाही. आंघोळ घालणाऱ्या मावशी रोज तेल लावून ओढतात. तो रडून घर डोक्यावर घेतो. आई म्हणते, ऑपरेशन करावं लागणार."

बॉस, रिलॅक्स! काहीही बिघडलेलं नाही. फक्त ते ओढणं आजच बंद करा.

जन्मतः ही त्वचा आतल्या टोकाला चक्क चिकटलेली असते, नख बोटाला असतं तशी. वाढत्या वयात ती आपली आपण सुटत जाते. किती वर्षांत? याला डेडलाइन नाही! डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरने 1949 मध्ये लिहिलं, की नवजात बाळांपैकी जेमतेम 4 टक्क्यांची त्वचा पूर्ण मागे जाते. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांची सुटते, हा त्याचा अंदाज मात्र घाईचा ठरला. डेन्मार्कच्या याकोब ऑस्टरने शाळकरी मुलं तपासून 1968 मध्ये दाखवलं, की सहा-सात वर्षांच्या 63 टक्के मुलांची त्वचा थोडीफार चिकटलेलीच होती. सोळा-सतराव्या वर्षी? फक्त 3 टक्के. म्हणजे काही मुलांचं हे काम दहावीपर्यंत चालतं, आणि तेही नॉर्मल.

उलट जबरदस्तीने ओढलं तर बारीक चिरा पडतात, रक्त येतं. त्या जखमांचे व्रण आकसले की नसलेला फायमोसिस खरोखर मागे लागतो. मागे ओढलेली त्वचा तिथेच अडकून सूज आली, तर तडक हॉस्पिटल गाठायचं. थांबायचं नाही.

एरवी बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की झालं. त्वचेखाली पांढरट खडे दिसले तर तो पू नव्हे, झडलेल्या पेशी असतात. शू करताना क्षणभर फुगा आला आणि दुखत नसेल, तर तोही चालतो. पण लघवी अडते, ताप येतो, लाली-सूज आहे किंवा टोकाशी पांढरं, कडक कडं दिसतंय, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवाच. खऱ्या फायमोसिसमध्येही अनेकदा आधी स्टेरॉइड मलम देऊन बघतात. ते अर्थात डॉक्टरांनी दिलेलंच, केमिस्टला विचारून नव्हे.

मित्राचा चेहरा खुलला. मग एकदम पडला. "पण मावशींना कोण सांगणार?"

शेवटी बायकोने सांगितलं. मावशी दोन दिवस रुसल्या. आता तेल टाळूला आणि पायांना. बस्स.