वारस नोंद आणि संगणकाची झाडाझडती

सातबाऱ्यावरील वारस नोंद हा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात घरोघरी परिचयाचा विषय आहे. आजोबा वारले, वारस तीन. थोरला मुलगाही हयात नाही, म्हणून त्याचे वारस शोधायचे. त्यांतली एक मुलगी वारलेली, म्हणून तिची मुले शोधायची. ते संपले की मागे फिरून थोरल्याच्या उरलेल्या मुलांकडे यायचे, मग आजोबांच्या दुसऱ्या वारसाकडे. मागे फिरताना एक पायरी चुकली की अख्खी शाखा कागदावरून नाहीशी होते.

वाचकहो, हेच काम संगणकाला सांगितले, तर 'वारस शोधा' हा आदेश काम करता करता स्वतःलाच पुन्हा बोलावतो. याला रिकर्शन म्हणतात. अर्धवट राहिलेली कामे संगणक फायलींच्या गठ्ठ्यासारखी एकावर एक रचतो. शेवटी ठेवलेली फाईल प्रथम उचलतो. या गठ्ठ्याचे नाव स्टॅक.

असा प्रोग्राम बिनचूक आहे, हे कसे ओळखावे? दहा कुटुंबांवर चालवून पाहिला, तरी अकराव्याची हमी नाही. त्यासाठी मॉडेल चेकिंग ही पद्धत आहे. प्रोग्रामचे गणिती प्रारूप करायचे, नियम लिहायचा, आणि सर्व शक्य वाटा तपासायच्या. नियम मोडणारी वाट सापडली, तर यंत्र ती दाखवून देते. या पद्धतीसाठी क्लार्क, इमर्सन व सिफाकिस यांना 2007 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

अडचण अशी की, पिढ्या किती खोल जातील याला सीमा नाही. म्हणून गठ्ठाही कितीही वाढू शकतो. प्रोग्रामला एक गठ्ठा आणि नियमाला दुसरा, दोघे मनमानी वाढू लागले, तर त्यांचा मेळ तपासण्याची सर्वत्र लागू पडणारी रीतच असू शकत नाही, हे गणिताने सिद्ध झाले आहे.

येथे पुण्यात जन्मलेले राजीव अलूर यांचे काम मोलाचे ठरले. आयआयटी कानपूर व स्टॅनफर्ड येथे शिकून ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. 2004 साली त्यांनी पी. मधुसूदन यांच्यासह एक युक्ती मांडली. काम कोठे सुरू झाले व कोठून परतले, याची खूण नोंदीतच उघड ठेवायची. मग दोन्ही गठ्ठे एकाच वेळी चढतात, एकाच वेळी उतरतात; एकाच गठ्ठ्यावर भागते आणि तपासणी शक्य होते. अलूर यांना 2024 चा नूथ पुरस्कार मिळाला.

ही युक्ती घरच्या वंशावळीलाही चालते. प्रत्येक मयताच्या नावापुढे कंस उघडावा, त्याचे वारस संपले की मिटावा. शेवटी कंस जुळले नाहीत, तर कोणती तरी शाखा अर्धवट राहिली आहे असे समजावे.

मात्र एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगू. यंत्र फक्त लिहिलेला नियम तपासते. 'लेकीची शाखा वगळू नये' हा नियम कोणी लिहिलाच नाही, तर ती वगळणारा प्रोग्रामही तपासणीत उत्तीर्ण होईल. म्हणून आपल्या मुलामुलींनी संगणक नुसता चालवायला शिकू नये. तर्कशास्त्र व गणित शिकून नियम लिहिणाऱ्यांत बसावे.