पाऊस तिकडे, पूर इकडे

शिरोळ तालुक्यातल्या एका गावी आम्ही गेलो होतो. तिथे एका घराच्या भिंतीवर कोळशाने दोन रेघा ओढल्या होत्या. खालची रेघ 2005 सालच्या पुराची, वरची 2019 सालची. खालची रेघ आमच्या गुडघ्याला आली. वरची कपाळाला!

घरमालकाला आम्ही विचारले, "एवढे पाणी आले, तेव्हा इथे पाऊस फार झाला असेल?"

तो म्हणाला, "होता की. पण एवढा पूर येण्याजोगा नव्हता बघा."

हे कसे काय? आपण पाहू.

शिरोळ हा कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेला तालुका. इथे वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याला पडतो 5000 च्या वर, म्हणजे दहापट. ढग समुद्रावरून येतात. सह्याद्रीचे डोंगर त्यांना अडवतात आणि ते तिथेच रिते होतात. पूर्वेकडे उरलेसुरले येते.

पण डोंगरात पडलेले पाणी डोंगरात थोडेच राहते? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या ते घेऊन येतात. प्रयाग चिखलीला त्यांची पंचगंगा होते. कोल्हापूरवरून वाहत ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा आपल्याबरोबर महाबळेश्वरचे, कोयनेचे आणि वारणेचे पाणी आणते. पुढे दूधगंगाही येते. एवढ्या नद्यांचे पाणी शिरोळच्या सपाट रानात गोळा होते.

महाबळेश्वर केवढे भरते ते ऐका. 2021 च्या जुलैत तिथे एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडला. शिरोळला वर्षभरातही एवढा पडत नाही!

त्यात आणखी एक अडचण. कृष्णा आधीच तुडुंब असली, की पंचगंगेला पुढे जायला वाट मिळत नाही. यात्रेत दारापाशी गर्दी अडली म्हणजे मागची माणसे जागच्या जागी थांबतात ना? तसेच पाणी मागे तुंबते आणि रानात पसरते. आलमट्टी धरणावरूनही वाद चालतो. तो इथे चार ओळींत सुटायचा नाही.

वाडीच्या लोकांना पूर नवा नाही. दत्ताच्या देवळात पाणी शिरले, की उत्सवमूर्ती वर हलवतात. दक्षिणद्वाराचे स्नान करायला माणसे लांबून येतात. पण 2019 चा पूर निराळा होता. जुलैच्या शेवटापासून पाऊस लागला. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फूट झाली म्हणजे इशारा, 43 झाली म्हणजे धोका. त्या वर्षी ती 55 फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर रस्ता शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बरेच दिवस बंद पडला. शिरोळची गावे बेटांसारखी झाली. पोंग्यात पाणी शिरून उभा ऊस कुजला.

माणसे वेळेवर बाहेर का पडली नाहीत? आमच्या घरमालकाने सरळ सांगितले, "2005 ला गुडघ्याएवढं आलं होतं. म्हटलं, यापुढं काय येतंय? रेघेवर भरवसा ठेवला." मग रात्रीतून पाणी वाढले. त्याची एक म्हैस दाव्यालाच राहिली. हे सांगताना तो बाहेर बघत होता.

जुनी रेघ म्हणजे नदीने दिलेला शब्द नव्हे. आभाळही पुरते सांगत नाही. तुमच्या गावावर ऊन पडलेले असते आणि तिकडे गगनबावड्यात कोसळत असतो. म्हणून बंधाऱ्याचा आकडा बघावा. तो वर्तमानपत्रात येतो. आता तुम्हाला तो वाचता येतो. कोल्हापूरला वाढलेले पाणी तुमच्या वेशीपर्यंत यायला वेळ लागतो. तेवढा वेळ हाताशी असतो. आधी जनावरांची दावी सोडावी. कागदपत्रे, औषधे, लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना उजेडातच उंचावर न्यावे. धान्य जमेल तेवढे न्यावे.

2021 च्या जुलैत पंचगंगा पुन्हा 55 फुटांच्या वर गेली. भिंतीवर तिसरी रेघ मात्र दिसली नाही. आम्ही कारण विचारले.

घरमालक हसला. "रेघ ओढायला घरात होतो कुठं? 39 झाले म्हटल्यावर म्हशी घेऊन निघालो की!"