भाडं तासाने, ऑइल वर्षाने?

साडेपाच अश्वशक्तीचं एक लहान पेट्रोल इंजिन घ्या. चांदूर बाजार, अचलपूरकडच्या संत्र्याच्या बागांत एचटीपी फवारणी पंप फिरवतं, तसलं. होंडाच्या जीएक्स १६० या इंजिनाचा पिस्टन एका दिशेने फक्त ४५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीहून थोडा अधिक. एका फेऱ्यात एकदा वर, एकदा खाली, असा त्याचा प्रवास ९० मिलिमीटरचा. मिनिटाला ३,००० फेरे धरले तर तासाला १,८०,००० फेरे होतात आणि पिस्टन तासाभरात १६ किलोमीटरहून जास्त चालतो. शंभर तासांत १,६२० किलोमीटर! अमरावतीहून मुंबईला जाऊन परत यावं आणि तरी अंतर उरावं, एवढी ही मजल तो जागचा न हलता मारतो.

हा प्रवास सरळ रस्त्यावरचाही नाही. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वरच्या टोकाला एकदा आणि खालच्या टोकाला एकदा पूर्ण थांबतो, मग उलटा फिरतो. सेकंदाला शंभर वेळा थांबणं आणि शंभर वेळा निघणं. या सगळ्या घासाघाशीत त्याला सांभाळतं कोण? जेमतेम ५८० मिलिलिटर ऑइल. तिथे मोटारीसारखा ऑइल फिल्टर नसतो, ऑइल दाबाने पोहोचवणारा पंपही नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला असलेला छोटासा चमचा प्रत्येक फेऱ्याला ऑइलमध्ये बुडतो आणि ते आत सगळीकडे उडवतो. झिजलेल्या धातूचा कण, जळक्या इंधनाची काजळी, जे काही त्या अर्ध्या लिटरात पडेल ते ऑइल बदलेपर्यंत तिथेच फिरत राहतं.

म्हणून या इंजिनाच्या पुस्तिकेत देखभालीचं वेळापत्रक तासांत दिलेलं असतं. पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं, कारण नव्या सिलिंडरच्या भिंतीवरच्या बारीक रेघा आणि पिस्टनच्या रिंगा एकमेकांना घासून बसत असतात आणि तो सगळा भुगा ऑइलमध्ये उतरतो. पुढे दर १०० तासांनी. एअर फिल्टर दर ५० तासांनी साफ करायचा, धूळ जास्त असेल तर त्याआधीच. प्लग १०० तासांनी तपासायचा, ३०० तासांनी बदलायचा; व्हॉल्व्हची फट ३०० तासांनी बघायची. यासोबत महिन्यांचा हिशेबही असतो, जसं ऑइलला १०० तास किंवा सहा महिने, जे आधी येईल ते.

आता हे वेळापत्रक वऱ्हाडात आणून बघा. इथलं शेतीचं वर्ष सपाट नाही. फवारणीच्या दिवसांत पंप सकाळी सुरू होतो तो संध्याकाळीच थांबतो. दिवसाला आठ तास धरले तर दहा दिवसांत ८० तास! आणि हंगाम सरला की तेच इंजिन पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोठ्यात पडून राहतं. दिवाळीला ऑइल बदलू असं ठरवणाऱ्याचं इंजिन तोवर दोनदा बदलण्याइतकं चाललेलं असू शकतं. शेजारच्याचं वर्षभरात पंचवीस तासही चाललेलं नसतं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेली असली तरी त्यांचं वय सारखं नाही. इंजिनाचं वय कॅलेंडरला ठाऊक नसतं.

ते ठाऊक असतं तासमापकाला. बाजारात काहीशे रुपयांना मिळणारी, काड्यापेटीएवढी ही बंद डबी कशी चालते ते बघण्यासारखं आहे. तिच्यातून एकच वायर निघते. ती वायर प्लगकडे जाणाऱ्या जाड केबलभोवती चार-पाच वेढे गुंडाळायची. कुठे कापायचं नाही, कुठे जोडायचं नाही. ठिणगी पडते तेव्हा प्लगच्या केबलमधून हजारो व्होल्टचा झटका जातो. त्या झटक्याचा क्षीण प्रतिध्वनी गुंडाळलेल्या वायरमध्ये स्पर्शाशिवाय उमटतो. डबीला तेवढा पुरतो. ठिणग्या येत आहेत म्हणजे इंजिन चालू आहे, तास मोज. ठिणग्या किती वेगाने येत आहेत? ते झाले फेरे. एकाच कानोशातून तास आणि आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, दोन्ही मिळतात. इंजिन बंद झालं की पडद्यावर एकूण तासांचा आकडा उरतो. दशांश चिन्हानंतरचा एक अंक म्हणजे सहा मिनिटं, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

इथे एक गंमत आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनाला दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते. पण बहुतेक लहान इंजिनांत ठिणगी तयार करणारा चुंबक फ्लायव्हीलवर बसवलेला असतो आणि फ्लायव्हील दर फेऱ्याला कॉइलसमोरून जातं. त्यामुळे ठिणगी दर फेऱ्याला पडते. एक पेट्रोल पेटवते, दुसरी धूर बाहेर जाताना पडून वाया जाते. म्हणून डबीला आधी सांगावं लागतं: एका फेऱ्याला एक ठिणगी, की दोन फेऱ्यांना एक? चुकीची निवड केली तर ३,००० फेऱ्यांनी चालणारं इंजिन ६,००० किंवा १,५०० दाखवतं. दोन स्ट्रोकच्या ब्रश कटरमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते आणि कामालाही येते.

ट्रॅक्टरवाल्यांना तासांचा हिशेब नवा नाही. जुना ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न असतो, "किती घंटे चालला?" पण जुन्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरचा तास हा घड्याळाचा तास नसतो. तो मीटर इंजिनाला जोडलेल्या केबलवर फिरतो, म्हणजे खरं तर तो फेरे मोजतो आणि ठरावीक फेरे झाले की एक तास पुढे सरकतो. समजा ही जुळणी १,५०० आरपीएमला केली आहे. मग ७५० फेऱ्यांवर नुसता धुगधुगत उभा असलेला ट्रॅक्टर घड्याळाच्या दोन तासांत मीटरवर एकच तास दाखवेल, आणि १,८०० फेऱ्यांवर रोटाव्हेटर ओढणारा ट्रॅक्टर एका तासात १.२ तास. चूक वाटावी अशी ही गोष्ट खरं तर शहाणपणाची आहे. झीज वेळेने होत नाही, फेऱ्यांनी होते. नवे इलेक्ट्रॉनिक मीटर घड्याळाचे तास मोजतात, म्हणून जुना आणि नवा ट्रॅक्टर शेजारी उभे करून नुसते आकडे ताडून पाहणं फसवं ठरतं.

पण फेरे मोजायला यंत्र कशाला? मिस्त्री तर नुसत्या आवाजावरून सांगतो. सांगतो खरा, आणि त्यामागे कानाचं एक गणित आहे. लिस्टर पद्धतीची जुनी डिझेल इंजिनं मिनिटाला ६५० फेऱ्यांनी चालायची. चार स्ट्रोक, एक सिलिंडर, म्हणजे सेकंदाला पाच-साडेपाच ठोके. ते कानाला सुटे ऐकू येतात. एखादा चुकला तर तोही कळतो. पण ठोके सेकंदाला साधारण वीसच्या पुढे गेले की माणसाचा कान ते वेगळे धरू शकत नाही; त्यांचा एक सलग सूर होतो. एका सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात ही सीमा येते २,४०० आरपीएमला. आजची लहान पेट्रोल इंजिनं ३,००० ते ३,६०० ला काम करतात, सेकंदाला पंचवीस ते तीस स्फोट. तिथे कानाला सूर चढला-उतरला एवढं कळतं, आकडा कळत नाही. जिथे कान संपतो तिथे फेरे मोजणारा टॅकोमीटर सुरू होतो.

टॅकोमीटरची कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे. डीड्रिख उलहॉर्न या जर्मन अभियंत्याने १८१७ साली फिरण्याचा वेग केंद्रोत्सारी बलाने मोजणारं यंत्र बनवलं. गोफण जोरात फिरवली की धोंडा जसा बाहेर ओढ घेतो, तशीच फिरणारी वजनं वेगाप्रमाणे बाहेर सरकतात आणि काटा हलवतात. हीच युक्ती आजही पंप-जनरेटरच्या बहुतेक लहान इंजिनांच्या पोटात गव्हर्नरच्या रूपाने जिवंत आहे. ओझं वाढून फेरे पडले की वजनं आत येतात, थ्रॉटल उघडतं, वेग सावरतो. नुसत्या तारेवर चालणारी एक तऱ्हाही निघाली होती. इंजिनावर टेकवलेल्या डबीतून बारीक तार हळूहळू बाहेर काढायची. तारेच्या एका विशिष्ट लांबीला तिची स्वतःची थरथर इंजिनाच्या थरथरीशी जुळते आणि तिचं टोक एकदम रुंद झोके घेऊ लागतं. त्या लांबीसमोरचा आकडा म्हणजे आरपीएम. ना बॅटरी, ना वायर!

डिझेल इंजिनाला, मळणी यंत्राच्या पुलीला किंवा कुठल्याही फिरत्या चाकाला प्लग नसतो. तिथे प्रकाशाचा टॅकोमीटर लागतो. चाकावर चमकणाऱ्या टेपचा तुकडा चिकटवायचा, दुरून प्रकाशाचा झोत मारायचा, टेप समोर आली की परत आलेली चमक तो मोजतो. आणि वऱ्हाडात या चमकेला सर्वांत मोठं काम आहे ते सोयाबीनच्या मळणीत.

सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ, आणि कोंबाचा अंकुर अगदी त्या सालीखालीच. ड्रमचा मार जास्त बसला तर दाणा वरून धड दिसतो, पण आतला अंकुर दुखावलेला असतो. बाजारात विकायला चालेल, पेरायला नाही. म्हणून घरचं बियाणं राखायचं असेल तर मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे ४०० च्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवा, असा सल्ला कृषी विभाग देत आला आहे. हिशेब करून बघा. ड्रमचा व्यास ६० सेंटीमीटर धरला तर ४०० फेऱ्यांना त्याच्या दातांचा वेग ताशी ४५ किलोमीटर होतो. ६०० फेऱ्यांना ६८. वेग दीडपट झाला, पण माराची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: दीड गुणिले दीड, सव्वादोन पट! ट्रॅक्टरची रेस थोडी वाढवली, काम लवकर उरकलं, आणि पुढच्या जूनची उगवण त्या दुपारीच घटली. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. कारणं अनेक होती. पण त्यानंतर घरच्या बियाण्याची उगवणक्षमता ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून तपासण्याचा आग्रह वाढला. सत्तर तरी उगवायला हवेत. त्या शंभरातले किती उगवतील, हे ठरवणाऱ्या गोष्टींत एक आकडा पुलीवरच्या टेपचाही असतो.

जनरेटरची गोष्ट आणखी थेट आहे. दोन ध्रुवांच्या अल्टरनेटरमधून ५० हर्ट्झची वीज हवी असेल तर इंजिन ३,००० फेऱ्यांनीच फिरायला हवं. चार ध्रुवांचा असेल तर १,५०० ने. फेरे म्हणजेच फ्रिक्वेन्सी. गव्हर्नर असला तरी ओझं पडलं की फेरे थोडे उतरतातच, म्हणून रिकाम्या जनरेटरचे फेरे जरा चढे, ३,१०० च्या पुढे ठेवतात. ओझं देऊन ते २,९०० च्याही खाली जाऊ लागले तर मोटारी तापायच्या आतच टॅकोमीटरने सांगितलेलं असतं, की एअर फिल्टर चोंदला आहे का, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा आहे का, गव्हर्नरची स्प्रिंग सैल झाली आहे का, ते बघा. फेरे सतत वर-खाली झुलत असतील तर बहुधा कार्बोरेटरमध्ये पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते आहे. हंगामानंतर टाकीत तसंच ठेवलेलं पेट्रोल चिकट होऊन बारीक जेट बुजवतं, हे त्याचं नेहमीचं कारण. म्हणून कोठ्यात ठेवण्याआधी टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं.

काही जण जास्त जोर मिळावा म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ताणतात. फेरे ३,६०० वरून ४,५०० झाले तर वाढ चौथा हिस्साच दिसते. पण पिस्टन थांबवण्या-फिरवण्याचा ताण पुन्हा वर्गाने वाढतो, छप्पन टक्क्यांनी. कनेक्टिंग रॉड मोडून क्रँककेसला भोक पडतं ते अशाच वेळी. ब्रश कटरमध्ये उलटं बघायचं. रेस सोडल्यावर फेरे जास्त राहिले तर केंद्रोत्सारी क्लच पकडतो आणि हात सोडला तरी पातं फिरत राहतं. तिथे आरपीएमचा आकडा म्हणजे पायाची सुरक्षितता.

राहता राहिली धूळ. काळ्या मातीच्या वावरात उन्हाळ्यात चालणाऱ्या इंजिनाला ५० तासांचा फिल्टरचा नियमही सैल पडतो. याच वऱ्हाडात, पेढी नदीच्या काठी, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. गावात शिरताच आधी झाडू हाती घेणाऱ्या त्या माणसाच्या मुलखात, देखभाल साफसफाईपासून सुरू होते हे वेगळं समजावायला नको.

या सगळ्याला फार काही लागत नाही. इंजिनामागे एक डबी, आणि कोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेले तीन आकडे: मागचं ऑइल किती तासांना बदललं, रिकामं चालताना फेरे किती, ओझ्याखाली किती. पुढच्या हंगामात तेच तीन पुन्हा लिहायचे. दोन ओळींतला फरक बघून आजार कुठे आहे ते बहुतेक वेळा मिस्त्री यायच्या आधीच कळतं.

ट्रॅक्टरचं भाडं आपण तासाने घेतो, थ्रेशरचं काम मोजून देतो, मजुरीही वेळेनुसार ठरवतो. ज्या इंजिनावर हे सगळे तास चालतात, त्याचं ऑइल मात्र आठवण येईल तेव्हा बदलतो. तासाला लाख-दोन लाख फेरे घेणाऱ्याला निदान एवढं तरी द्यावं, की त्याने किती फेरे घेतले हे कुणीतरी मोजत आहे.